पुढचं अर्धं

"भिंतीला कितीही जोर लावला, पण भिंत जागची हललीच नाही, तर विस्थापन झालं शून्य. आणि विस्थापन शून्य, म्हणजे कार्यसुद्धा शू…"

"न्य!" नववीच्या वर्गानं छप्पर उचललं.

बिराजदार सरांनी समाधानानं खडू खाली ठेवला. शंभुलिंग बिराजदार लोहाऱ्याच्या या शाळेत विज्ञान शिकवायला लागले त्याला वीसेक वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात त्यांनी एकही वाक्य एकट्यानं पूर्ण केलं नव्हतं. वाक्याचं शेपूट ते वर्गासाठी राखून ठेवत आणि वर्ग ते न चुकता पकडत असे. एका प्रशिक्षणात त्यांना याला 'आंतरक्रियात्मक अध्यापन' म्हणतात असं कळलं होतं. शब्द तेवढा नवा होता. पद्धत त्यांच्याकडं आधीपासून होती.

तोंडी परीक्षाही ते याच चालीवर घेत. सरांनी "ऊर्जेचा नाश होत ना…" म्हणायचं, पोरानं "ही" म्हणायचं, की वीसपैकी सतरा-अठरा ठरलेले. सरांची मुलगी हर्षाली याच वर्गात होती. तिला एकोणीस होते, आणि त्यात वशिला नव्हता. बापाचं वाक्य कुठं तुटणार हे तिला बोलायला लागल्यापासून माहीत होतं.

सगळ्या वर्गात नऊ गुण फक्त एकीला होते. श्रावस्तीला.

तिची आई, नंदा सिस्टर, येरमाळ्याहून बदली होऊन इथल्या आरोग्य उपकेंद्रात आली होती. मधल्या सुट्टीत ती ड्युटीच्या पांढऱ्या साडीतच शाळेत आली आणि सरांसमोर उभी राहिली.

"बसा ना सिस्टर."

"बसत न्हाय सर, लसीकरण चालूय. एकच विचारायचंय. श्रावस्तीला नऊ दिले, ते उत्तर चुकलं म्हणून, का ती गप बसली म्हणून?"

"उत्तरच दिलं नाही तिनं. मी भिंतीचा प्रश्न विचारला. अर्ध्याहून जास्त उत्तर तर मीच सांगितलं होतं. तर मलाच उलटं विचारती, भिंत ढकलून घाम येतो, मग ती ऊर्जा कुठं गेली म्हणून."

"मग कुठं गेली?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "ते परीक्षेला येत नाही."

"बरं." सिस्टर जायला वळली आणि दारात थांबली. "नवावर ती दहावीला ब तुकडीत जाणार. तिथं विज्ञानाला कोण हाय, तुम्हाला ठाऊकच हाय."

ठाऊक होतं. दहावीच्या तुकड्या नववीच्या गुणांवर पडत. अ तुकडीला विज्ञान बिराजदार सर शिकवत. ब तुकडीची जागा रिकामी होती, आणि त्या तासाला चित्रकलेचे सर पाठ्यपुस्तक मोठ्यानं वाचत. वाचन चांगलं होतं त्यांचं.

दुपारच्या तासाला सर वर्गात आले ते जरा चिडूनच. मुलांना सगळं येतं हे त्यांना स्वतःच्या कानानं ऐकायचं होतं. उजळणी म्हणून त्यांनी तोच भिंतीचा प्रश्न पुन्हा काढला. भिंत हलली नाही, विस्थापन शून्य. मग काय झालं कोण जाणे, एरवी इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं ते त्यांच्या तोंडून गेलं.

"म्हणून कार्य किती? पन्ना…"

"स!" वर्ग ओरडला.

अगदी एका सुरात. कुणी अडखळलं नाही, कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरून हर्षालीचा आवाज सगळ्यांत खणखणीत आला. मागच्या खिडकीपाशी श्रावस्ती तेवढी मान वर करून फळ्याकडं बघत होती.

सरांनी फळा पुसायला घेतला. फळा कोरा होता.

मुख्याध्यापक शरणप्पा सरांनी परवानगी द्यायला फार वेळ लावला नाही.

"घ्या परत तोंडी. याद्या अजून इथंच हायत. पण कुणाचे कमी नका करू बरं का. पालक येतेत."

"कमी झाले तर?"

"बिराजदार, तुमची पोरगी पण हाय ना त्याच्यात? गणित कच्चंय तिचं. विज्ञानाच्या एकोणिसावरच तर तिचं नाव अ तुकडीत टिकलंय." शरणप्पा सरांनी चहाची कपबशी पुढं सरकवली. "आपलं सुचवलं."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत एकेकाला आत बोलवायचं ठरलं. पहिला आला बसवेश. सरांनी त्याला संपूर्ण प्रश्न विचारला आणि तोंड मिटून घेतलं. हे तोंड मिटणं त्यांना वाटलं होतं त्याच्यापेक्षा फार अवघड गेलं. जीभ आपोआप टाळूला लागत होती. बसवेश त्यांच्या ओठांकडं टक लावून बसला, बस येईल त्या रस्त्याकडं बघावं तसा.

"सर, अर्धं तरी सांगा की."

"का रे?"

"पुढचं म्या सांगतो की."

आणखी दोघं-तिघं तसेच ओठांकडं बघून गेले. तेव्हा सर उठले, खुर्ची उचलून खिडकीकडं तोंड करून ठेवली आणि मुलांकडं पाठ करून बसले. खिडकीतून सायकलस्टँड आणि एक निंब दिसत होता. तिकडंच बघत ते प्रश्न विचारत, आणि पाठीमागं चप्पल घासण्याचा, नाक ओढण्याचा, क्वचित उत्तराचा आवाज येई. कुणाचे अठराचे आठ झाले, कुणाचे सतराचे सात, थोड्यांचे मात्र चौदा-पंधरावर टिकले. श्रावस्तीनं उत्तर द्यायला इतका वेळ घेतला की ती निघून गेली असं सरांना वाटलं. पण ती बोलायला लागली तेव्हा तिनं बल, विस्थापन आणि दिशा असं सगळं स्वतःच्या भाषेत नीट मांडलं. सरांनी सोळा लिहिले. "आणि घामाचं?" तिनं जाताजाता विचारलं. "शोधतोय," सर म्हणाले.

मग हर्षाली आली.

शाळेत ती त्यांना सरच म्हणत असे. टेबलापाशी उभी राहिली, तशी सरांनी खिडकीकडं बघतच सुरुवात केली. "एक बाई पाण्याची घागर डोक्यावर घेऊन सपाट रस्त्यानं चालत गेली. गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध तिनं किती कार्य केलं? आणि का?"

मागून काहीच आलं नाही.

सायकलस्टँडमध्ये कुणाची तरी सायकल पडली, कुणी तरी ती उचलली. अजून काही नाही. सरांना शरणप्पा सरांची कपबशी आठवली, आणि दहावीच्या वर्गात मोठ्यानं पुस्तक वाचणारे चित्रकलेचे सर. दार लोटलेलं होतं. आत दोघंच होते. त्यांनी खुर्चीची एक बाजू उचलली आणि हळूच, फरशीवर आवाज न करता, ती मुलीकडं वळवली.

हर्षाली त्यांच्याकडं बघत होती. त्यांचे ओठ जरासे उघडले होते.

"सर, तिकडंच बघा ना," ती म्हणाली.

"का?"

"तुमचं तोंड दिसलं की मला विचार करावासाच वाटत नाही."

हे ती कसलीही तक्रार नसल्यासारखं, सर्दी झालीय म्हणावं तसं म्हणाली. सरांनी खुर्ची परत फिरवली. या वेळी फरशीवर चांगलाच करकर आवाज झाला.



"कार्य शून्य," ती शेवटी म्हणाली. "शून्य मला पाठ आहे. का ते नाही माहीत. आत्तापर्यंत त्याच्या पुढं कुणी विचारलंच नव्हतं."

"आणखी काही?"

"नाही."

सरांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"किती दिले?"

"दहा."

"म्हणजे ब तुकडी."

"हो."

तिनं थोडा विचार केला. या वेळी फार वेळ लागला नाही.

"मग घरी शिकवाल, पप्पा? पण असंच. तिकडं तोंड करून."

खिडकीकडं बघतच सरांनी होकाराची मान हलवली आणि चष्मा पुसला. मग पुढच्याला आत पाठव म्हणाले.