पॉपलरवरचा चेहरा

विनयाने फळीवर ओलं फडकं फिरवलं, तशी घासून गुळगुळीत केलेल्या लाकडाला पुन्हा लव फुटली.

भज्यांसाठी आणलेला खायचा सोडा, वाटीभर पाण्यात.

बंगळूरहून लेक मधुवंती, फोनवर: "मम्मा, पापा अब भी स्कूटर चला रहे हैं क्या?"

इंडस्ट्रियल एरियातली एक शेड. आत होळीच्या दुसऱ्या सकाळचा वास, ऐन सप्टेंबरात.

पासपोर्टसाठी काढलेला विनयाचा फोटो. सपाट, भकास, कुणाला दाखवू नये असा.

या सगळ्याची मोट बांधली ती तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांनी. कृष्णकांतने उत्तरेतल्या या शहरात, सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत उभी हयात भिंगं आणि लेझर यांच्या संगतीत काढली, आणि निवृत्त झाला तोच त्याच्या नजरेच्या मधोमध धुकं साचायला लागलं. कडेकडेचं दिसायचं. त्यामुळे तो चालायचा, कपात चहा ओतायचा, दारातल्या कुत्र्याला हाड करायचा. स्कूटर मात्र विनयाने विकून टाकली. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात डॉक्टरांकडे तो हट्टाने एकटाच आत गेला आणि बाहेर येऊन तिला म्हणाला,

"अजून वर्षभर तरी चेहरे दिसतील. तेवढ्यात बोटांना शिकवून घेतो."

"काय शिकवणार?"

"तुला."

विनयाला हसू आलं. "मग माझ्या तोंडावरून फिरवा की हात. मी काय पळून चाललेय?"

"तू बोलतेस, हलतेस. हाताला कातडी लागते, ऊब लागते. तुझं असणं मला आहेच गं. दिसणं हवंय. फोटो लाकडात जाळून घ्यायचा. जिथे काळं तिथे खोल. डोळ्यांनी तुला बघायचं, बोटांनी फळीला. दोन्ही जुळलं की बोटं पास."

असं म्हणून तो कामाला लागला. म्हणजे विनया कामाला लागली.

शेडचा मालक नरेश लेझरच्या यंत्रावर शाळांच्या ढाली आणि दारावरच्या पाट्या करायचा. त्याने आधी अक्रोडाचं लाकूड दाखवलं आणि मग, किंमत ऐकून उतरलेला विनयाचा चेहरा पाहून, यमुनानगरचा पॉपलरचा प्लाय. पांढुरका, हलका, खोक्यांना वापरतात तो.

"ये लो आंटीजी. बिगड़ भी गया तो दिल नहीं दुखेगा. बस, फेस पे गाँठ ना आए."

गाठ कशी ओळखायची, हे विनया तांदूळ पाखडावेत तशा फळ्या पारखून शिकली. फळी खिडकीपाशी तिरपी धरायची. जिथे कारखान्याने गाठीच्या भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग सारखा केलेला असतो, तिथे उजेड अडखळतो. लांबी जळत नाही. चेहऱ्यावर पांढरं टक्कल राहतं. मग रेषेच्या दिशेनेच घासायचं. ओलं फडकं फिरवायचं, लव उभी राहिली की वाळवून पुन्हा घासायचं. शेवटी सोड्याच्या पाण्याचा हात; त्याने जळकं गडद येतं.

"गडद हवंच," कृष्णकांत म्हणाला होता. "म्हणजे डोळ्यांनीही ताडून बघता येईल."

पहिली फळी तिनेच वाया घालवली. नरेशच्या ढाली कशा लखलखतात, म्हणून तिने जळलेल्या चेहऱ्यावर मायेने वॉर्निशचे हात दिले. तिच्या माहेरी, कराडला, देव्हाऱ्याचा पाटसुद्धा पॉलिशशिवाय ठेवत नसत. कृष्णकांतने बोटं टेकवली आणि ती सरळ घसरली.

"विनया, ही काच आहे."

सगळे खड्डे वॉर्निशने बुजले होते. डोळ्यांना चेहरा होता, बोटांना रिकामी फळी.

दुसऱ्या फळीसाठी तिने तिचा लाडका फोटो काढला. लग्नानंतर स्टुडिओत काढलेला, एका बाजूने उजेड पडलेला. कृष्णकांतचं बोट कपाळावरून उतरलं, नाकाशी आलं आणि धपकन खाली गेलं.

"हिचा डावा गाल कुठे गेला?"

"सावलीत होता."

"सावलीत! मला वाटलं, विहिरीत."

दोघं पोट धरून हसली. मग विनयाने फोटो पुन्हा हातात घेतला. इतकी वर्षं तो फोटो भिंतीवर होता, आणि आपला अर्धा चेहरा त्यात नाही हे तिला आज कळलं.

म्हणून पासपोर्टचा फोटो. समोरून फ्लॅश, सावली नाही, कलाकारी नाही.

यंत्राचं काचेचं झाकण बंद झालं. लाल ठिपका फळीच्या वरच्या कडेला आला आणि इकडून तिकडे पळू लागला, मागावर धोटा पळावा तसा. धुराची बारीक रेघ उठली. आधी केस आले, मग भांग, मग कपाळाची मोकळी जागा, जिथे लाकडाला कुणी शिवलंच नाही. भुवया आल्या तेव्हा विनया पुढे वाकली. कुणीतरी आतून वर येत होतं, पाण्यातून यावं तसं, घाई न करता. आणि ते आपणच होतो.

"ओ जी, ये तो बोलने लगेगी!" नरेश म्हणाला.

घरी खिडकीत बसून कृष्णकांतने फळी मांडीवर घेतली. वॉर्निश नाही, काही नाही, कोरडं जळकं लाकूड. बोटं केसांच्या खोलगटात उतरली, कपाळाच्या माळावर चढली, भुवईच्या चरातून सरकत सरकत नाकपुड्यांपाशी आली. ओठांच्या फटीशी थांबली.

"आयुष्यभर उजेड मोजला," तो हळूच म्हणाला. "हाताला आज लागला."

"मला बघा ना," विनया म्हणाली. "ताडून बघा. जुळतंय?"

त्याने मान वर केली. तो तिच्याकडे बघत राहिला. तिच्याकडे म्हणजे तिच्या कानाशेजारी, पडद्याच्या कडेकडे. तिला वाटलं, लाजतोय म्हातारा. ती मुद्दाम न हलता बसली, फोटोतल्यासारखी, तोंड मिटून. बोटं पुन्हा केसांपासून निघाली आणि हनुवटीपर्यंत आली, एकदाही न चुकता.

"जुळलं," तो म्हणाला. "अगदी अशीच." त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला हात मोकळा करवत नव्हता.

विनयाचा चेहरा त्याला शेवटचा दिसला तो आदल्या वर्षीच्या जानेवारीत; ती गच्चीवर उन्हात बसून गाजरं किसत होती.