आडवा करकोचा

या घरात धाकटीच्या हातचं काही वापरात येत नसे. कौतुक मात्र पोटभर व्हायचं. लग्नानंतर तिनं पहिल्यांदा विणलेला मफलर सगळ्यांनी आळीपाळीनं गळ्याभोवती धरून पाहिला, "मऊ आहे हं" असा शेरा दिला, आणि आता तो मफलर मागच्या दाराच्या फटीत वारा अडवत पडला होता. सासूबाईंसाठी केलेली टोपी चहाच्या किटलीवर बसली होती. किटलीला ती अगदी बेतून केल्यासारखी होत होती, आणि तेच धाकटीला जास्त झोंबायचं.

थोरलीची, म्हणजे तिच्या मोठ्या जावेची, गोष्टच वेगळी. ती टीव्ही बघत, फोनवर बोलत, मधेच नवऱ्याशी भांडत विणायची, पण टाका म्हणून सुटायचा नाही. घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर तिचाच स्वेटर. स्वतः मात्र दुसऱ्या कुणी विणलेलं ती अंगाला लावून घेत नसे. "दुसऱ्याची वीण मला टोचते," म्हणायची.

यंदा थंडीच्या तोंडावर अप्पांचं, म्हणजे सासऱ्यांचं, लहानपणचं चित्रांचं पुस्तक बाइंडरकडून नवा पुठ्ठा लेवून घरी आलं आणि थोरलीच्या छकुलीनं ते ताब्यात घेतलं. त्यातल्या प्राण्यांना कोट होते, छत्र्या होत्या, आणि चेहऱ्यांवर घरातल्या माणसांसारखे भाव होते. छकुलीनं एका बैठकीत सगळ्यांना एकेक प्राणी वाटून टाकला. अप्पांच्या वाट्याला छत्रीवाला करकोचा आला, यात कुणालाच नवल वाटलं नाही. अप्पा खोलीत शिरायचे तेव्हा आधी गुडघे यायचे आणि मागाहून अप्पा.

सासूबाईंना ही वाटणी एवढी आवडली की त्यांनी फर्मानच काढलं. "ह्यांच्या वाढदिवसाला सगळ्यांचा फोटो काढायचा. ज्याचा प्राणी त्याच्या स्वेटरवर."

"म्हणजे मी विणायचं," थोरली म्हणाली. तक्रारीचा सूर होता, पण हात लोकरीकडे वळलेसुद्धा होते.

"अप्पांचा मी विणते," धाकटी बोलून गेली.

"विण की," थोरली म्हणाली. " सुया तेवढ्या जपून धर. डोळ्यात गेली तर चष्मा तुझ्याच दुकानात करावा लागेल."

धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा तपासायची. मापात चूक तिला खपत नसे. तिनं करकोचा पातळ कागदावर गिरवून घेतला, तिथून आलेखाच्या कागदावर उतरवला, आणि एक चौकोन म्हणजे एक टाका असा हिशेब धरला. आधी छोटा नमुना विणून एक टाका किती रुंद होतो तेही मोजलं. मग खोलीचं दार लावून घेतलं. अप्पांनी स्वेटर घातला, फोटो झाल्यावरही तो अंगावर राहिला, एवढंच तिला हवं होतं. तो फटीत किंवा किटलीवर गेला नाही म्हणजे मिळवलं.

पुढचा भाग पुरा झाला तेव्हा तिनं तो पलंगावर पसरला आणि नवऱ्याला हाक मारली.

"वा! बदक झकास जमलंय," नवरा म्हणाला.

"कुठलं बदक?"

"हे काय, छत्रीवालं."

तिनं एक पाऊल मागे जाऊन पाहिलं. करकोच्याची चोच होती, कोट होता, छत्री होती, पण तो सबंध प्राणी कुणीतरी वरून दाबून बसवल्यासारखा झाला होता. पाय तर नावापुरतेच होते.

"मला काय माहीत," नवरा घाईघाईनं सारवासारव करू लागला, "मला वाटलं अप्पांना प्राणी बदलून दिलाय."

आवाज ऐकून थोरली दारात आली. एका नजरेत तिला सगळं कळलं. ती हसली नाही. त्यानं तर धाकटीला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, टाका बुटका असतो," थोरली म्हणाली. "जेवढा रुंद तेवढा उंच नसतो. तुझ्या कागदावरचे चौकोन चारी बाजूंनी सारखे. मी छापील नमुन्यावरून विणते, त्यात हे सगळं आधीच धरलेलं असतं. आण इकडे. उसवते आणि माझ्या हातानं उभा करते तुझा करकोचा."

"नको ताई."

"फोटो तोंडावर आलाय, धाकटे."

"हे घेऊन जा हवं तर. पण अप्पांचा मीच विणणार."

"हट्टी आहेस," थोरली म्हणाली, आणि चपटा करकोचा काखोटीला मारून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक आजीबाई नव्या चष्म्याची तक्रार घेऊन आल्या. त्यांना सिलिंडरचा नंबर होता. तसली काच एका दिशेनं एक काम करते आणि दुसऱ्या दिशेनं दुसरं. धाकटीनं काच काढून डोळ्यासमोर लांब धरली आणि भिंतीवरच्या अक्षराकडे बघत हळूहळू फिरवली. अक्षर पसरट दिसत होतं. काच पाव फेरा फिरली आणि तेच अक्षर सडपातळ होऊन उभं राहिलं.

"अय्या!" धाकटी म्हणाली.

"काय झालं? काच फुटली?" आजीबाई दचकल्या.

"नाही हो आजी, काच छान आहे. मीच चुकीच्या बाजूनं बघत होते."

घरी येताच तिनं तोच कागद काढला. चित्रात एका रेघेचाही बदल केला नाही. फक्त कागद आडवा केला. स्वेटर खालून वर विणायचाच नाही. एका कुशीपासून सुरू करायचा आणि दुसऱ्या कुशीपर्यंत जायचा. मग अंगावर टाके आडवे होणार, आणि टाक्याची रुंदी करकोच्याच्या उंचीला मिळणार. ज्या खोडीनं त्याला दाबलं, तीच त्याला ताणणार होती.

आता दार लावून बसायला सवड नव्हती. ती बैठकीच्या खोलीत सगळ्यांसमोर विणू लागली. सुईवर करकोचा उताणा झोपला होता.

"याला काय झालंय?" छकुलीनं विचारलं.

"विश्रांती घेतोय."

"कुशीवरून स्वेटर विणताना मी तरी कुणाला पाहिलं नाही," थोरली म्हणाली. तिच्याही मांडीवर काहीतरी होतं, पण तिनं त्यावर पदर ओढून घेतला. "उलट सुलट विणतात हे ठाऊक होतं. तुझं आपलं आडवंतिडवं."

"उलट बोलू नका ताई, माझे टाके चुकतात."

"बघा, उलट मी बोलते!" थोरली सासूबाईंना म्हणाली, पण तिला हसू आवरलं नाही.

वाढदिवसाच्या सकाळी धाकटीनं गळ्याची शेवटची गाठ मारून स्वेटर अप्पांच्या हाती दिला. करकोचा आता जरा जास्तच ताणला गेला होता. पोटापासून सुरू झालेले त्याचे पाय संपता संपत नव्हते आणि छत्री पार गळ्याला टेकली होती. अप्पांनी तो डोक्यावरून ओढला, हात घातले, आणि कपाटाच्या आरशापुढे गुडघे किंचित वाकवून उभे राहिले, कारण एरवी त्यांना आरशात आपलं डोकं दिसत नसे.



"पुस्तकातला मला लहानपणापासून आखूड वाटायचा," ते म्हणाले. "हा बरोबर आहे."

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या आणि धाकटीचं तोंड उघडंच राहिलं. त्यांच्या अंगावर तिचा चपटा करकोचा होता. थोरलीनं तो उसवलाच नव्हता. दोन्ही कुशींना पट्ट्या जोडून, पाठ आणि बाह्या विणून तिनं अख्खा स्वेटर उभा केला होता.

"माझ्याकडे काय बघतेस?" थोरली म्हणाली. "एवढी सुबक वीण उसवायला हात होईना."

सासूबाई अप्पांशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. एकच करकोचा, एकाच कागदावरून आलेला, एकाच्या अंगावर बांबूसारखा आणि दुसरीच्या अंगावर भोपळ्यासारखा. धाकटीच्या नवऱ्याला ठसका लागला.

"हसा," सासूबाई म्हणाल्या. "जन्मभर ह्यांच्या शेजारी उभी राहतेय, मी अशीच दिसते हे मला ठाऊक आहे. आता निदान हौसेनं दिसतेय."

फोटो झाला. ऊन वर आलं तसे एकेकानं स्वेटर काढून खुर्च्यांवर टाकले. धाकटी चहाच्या कपांच्या आडून बघत होती. अप्पांनी कपाळावरचा घाम पुसला, चपला घातल्या आणि स्वेटरसकट पेपर आणायला निघाले.

"अहो, उकडेल!" सासूबाई ओरडल्या.

"उकडू दे. पेपरवाल्याला दाखवायचाय," अप्पा कोपऱ्यावरून म्हणाले.

धाकटी स्वयंपाकघरात शिरली, तर मागोमाग थोरली पुस्तक उघडून आली. छकुलीनं तिच्या वाट्याला दिलेल्या, सायकलवर बसलेल्या हत्तिणीवर तिनं बोट ठेवलं, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"ही मला विणून देशील?"

"तुम्हाला? दुसऱ्याची वीण टोचते ना तुम्हाला?"

"टोचली तर टोचली. पण ऐक धाकटे, आडवीच विणायची. उभी विणलीस तर माझ्याशी गाठ आहे."