पानाच्या रंगाचं इंजिन

मी एक वाफेचं इंजिन आहे, असं म्हणताना जीभ जरा अडखळते. मी जेमतेम वीतभर लांब, आणि माझ्या बॉयलरमध्ये पाण्याचा थेंबही कधी गेलेला नाही. खरं इंजिन दीडशे वर्षांपूर्वी रुळांवर धावलं आणि पुढे भंगारात गेलं. मी त्याची पितळी प्रतिकृती.

मला घडवलं एका निवृत्त प्राध्यापकांनी. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला कानस, चिमटे आणि मी. दुसऱ्या टोकाला त्यांच्या पत्नी भाजी निवडत बसायच्या. धुराडं, चाकं, सगळं जागच्या जागी बसलं. माझे डबे तर केव्हाच रंगून काचेच्या कपाटात उभे होते. त्यांच्यापुढची जागा माझी. पण माझं घोडं रंगावर अडलं.

मूळ इंजिनाचे फोटो सगळे कृष्णधवल. रंग सांगितला होता एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने, तोही आजोबांकडून ऐकलेला: पानाच्या रंगाचं होतं म्हणे. प्राध्यापकांनी मान डोलावली आणि घरी आल्यावर त्यांना सुचलं, कुठल्या पानाच्या? पुन्हा विचारायला जाईपर्यंत ड्रायव्हर या जगात नव्हता.

मग माझ्या अंगाला पानं लावून बघणं सुरू झालं. कोवळी, जून, पिकलेली. मुलीच्या लग्नातसुद्धा तुम्ही एवढा घोळ घातला नव्हता, असं बाई म्हणायच्या.

वर्षं गेली. प्राध्यापकांचा हात कापायला लागला. एकदा रंगात बुडवलेला ब्रश त्यांनी तसाच खाली ठेवला.

"चुकलं तर खरवडून पुन्हा रंगवणं आता माझ्याच्याने व्हायचं नाही."

बाईंनी भाजी बाजूला सारली. "अहो, ते इंजिन उन्हात वेगळं दिसत असेल, पावसात वेगळं, काजळी धरली की आणखी वेगळं. तुम्ही त्यातला एक दिवस निवडा की."

त्यांनी मला उचलून खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "सकाळचं. नुकतंच पुसून बाहेर काढलेलं."

त्यांनी मला दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि ब्रश बाईंनी चालवला. धुराड्यापाशी रंगाचा एक ओघळ आला. तो तसाच आहे.

आता मी कपाटात उभं आहे. जाणकार येतात, चष्मा सावरत वाकून बघतात. रंग चुकलाय, असं तुम्हालाही वाटेल कदाचित. वाटू दे, खात्री मलाही नाही. फक्त बोलताना आवाज जरा खाली ठेवा. प्राध्यापक शेजारच्याच खोलीत आहेत, आणि आता कुठे त्यांना दुपारी शांत डोळा लागायला लागलाय.