चार पानी अर्ज

शिक्षणाने माणसाचं आयुष्य वाढतं, हे आकडेवारीने सिद्ध झालेलं सत्य आहे. धाकट्याने ते स्वतःच्या संशोधनात सिद्ध केलं होतं. त्यात अकरा वर्षं गेली, आणि रक्तदाब, पित्त व चष्म्याचा नंबर तेवढा वाढला.

थोरला वेल्डर. तिसरीत शाळा सोडून कामाला लागला, म्हणून धाकटा शिकला. त्याची अक्षरओळख आता सहीपुरती उरली होती. हल्ली तो अर्ध्या जिन्यात कठडा धरून थांबायचा आणि म्हणायचा, "हलतोय का, बघतोय." छातीच्या फोटोत डाग निघाला. पुढच्या तपासणीसाठी मोठ्या इस्पितळाने चार पानी अर्ज हातात दिला.

धाकटा घरी आला, तेव्हा तो अर्ज टीव्हीखाली सात महिने पडून होता.

"सात महिने, दादा! कुणाकडूनही भरून घ्यायचास."

"घरात एवढा शिकलेला असताना लोकांची दारं वाजवू? शोभतं का ते?"

"मग फोन करायचास."

"केला की. दोनदा तू मीटिंगमध्ये होतास."

"आणि तिसऱ्यांदा विमानात," वहिनी आतून म्हणाली.

ते विमान गरिबांच्या आरोग्यावरच्या परिषदेला निघालं होतं. धाकट्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. काहीच वाटेना, तेव्हा त्याने पेन काढलं.

"शिक्षण?"

"तिसरी."

"पास?"

"परीक्षेआधीच बाबा गेले ना."

"मग दुसरी लिहावं लागेल."

"लिही बाबा. तेवढंच एक वर्ष होतं, तेही कापलंस."

धाकट्याच्या तक्त्यात दुसरीवाल्यांची एक वेगळी ओळ होती. तिच्यापुढचा सरासरी आयुष्याचा आकडा त्याला पाठ होता. थोरल्याने तो मागच्याच महिन्यात ओलांडला होता.

"दम कधीपासून लागतो?"

"कठडा हलायला लागल्यापासून."

"दादा."

"दीड वर्ष. हिला सांगू नकोस."

"ऐकलं मी," वहिनी म्हणाली आणि चहा ठेवून गेली.

चौथं पान संपलं. थोरल्याने जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जोडत सही केली. सहीखाली ठळक अक्षरांत एक सूचना होती. धाकट्याने ती वाचली, पण मोठ्याने नाही.

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनी हा अर्ज भरू नये. सरळ खिडकी क्रमांक तीनवर यावे. तपासणी त्याच दिवशी होईल.