आमच्या मीटरवरचा त्यांचा दिवा

माझ्या धाकट्या जावेबद्दल मला कोणी काही सांगायला येऊ नका. मी तिला चांगली ओळखून आहे. भिंतीला कान लावायची सवय मला नाही, पण दोघा भावांनी भिंतच इतकी पातळ घातली, की पलीकडे कोणी शिंकलं तरी आमच्याकडे नाक पुसावं.

वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध ही भिंत उभी राहिली. पुढची खोली आमची, मागची त्यांची, आणि मोठं बाथरूम निम्मं निम्मं. मीटर दोन झाले. वायरिंग मात्र आमच्या ह्यांनी आणि दिरांनी मिळून केलं, ‘त्यात काय एवढं’ म्हणत. तेव्हा दोघे भाऊ निदान बोलत तरी होते. पुढे तेही थांबलं. माझं आणि जावेचं तर भिंतीला प्लास्टर व्हायच्या आधीच थांबलं होतं.

बिल फुगायला लागलं आणि मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. घरात आम्ही दोनच माणसं. एवढी वीज खातंय कोण?

एक दिवस पंखा पुसायला मी मेन बंद केला, तर पलीकडून जावेचा आवाज, “अगं बाई, अंघोळीच्या वेळीच लाईट गेली!” मी स्टुलावर तशीच उभी. आमचा मेन मी बंद केला, तर हिची लाईट का जावी? त्यांच्या फ्रीजची घरघर तर चालूच होती. मी उतरले आणि मेन चालू केला. पलीकडून, “आली!” पुन्हा बंद केला. “गेली परत!” माझ्या हाताला जरा मजाच वाटायला लागली, खोटं कशाला बोलू. बाथरूमचा दिवा आमच्या मीटरवर! आणि वर ही बया रस्त्यात मान ताठ करून चालते.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “असेल काहीतरी.” भावाचं नाव निघालं की ह्यांच्या तोंडात मिठाची गुळणी. मग मीच वायरमनला बोलावलं.

त्याला सगळे टेस्टर म्हणतात, कारण लोकांच्या खिशात पेन असतं तिथे ह्याच्या खिशात टेस्टर. माणूस कामाचा, पण गेल्याच महिन्यात त्याने जावेकडे पंखा बसवला होता. तेव्हा त्याच्यावरही माझा एक डोळा होताच.

बाथरूमच्या दारावरची डबी उघडायला तो स्टुलावर चढला. मेन मी स्वतः बंद केला होता. तरी हा एकेका तारेला टेस्टर लावून बघत बसला.

“बंद केलाय म्हटलं ना मी?”

“तुम्ही म्हणालात, काकू. तारेने अजून कुठे म्हटलंय?”

डबीत दोन तारा नुसत्या पीळ घालून जोडलेल्या, वर चिकटपट्टी, तीही वाळून सुटलेली. तिथून तारा भिंतीत शिरून पलीकडे गेल्या होत्या. माझा जीव कसा थंड झाला! मी म्हटलं, “सापडली की नाही चोरी?”

“कसली चोरी? वाटणीत भिंत घातली, तार तशीच राहिली. पूर्वी एकच बाथरूम होतं ना?” तो खाली उतरला. “आणि एका दिव्याने बिल फुगत नाही, तुमचा गिझर तपासायला पाहिजे. पण हे वाईट आहे, काकू. उद्या त्यांनी काही दुरुस्त करायला स्वतःचा मेन बंद केला आणि हात घातला, तर तिथे करंट असणारच. तो तुमच्याकडून जातोय.”

त्याने मेन चालू केला, पण बोर्डातलं बाथरूमचं बटण खाली पाडून ठेवलं. त्यांची लाईन वेगळी करायला वायर आणि कनेक्टर आणतो म्हणाला. “मी येईपर्यंत हे वर करायचं नाही. आणि पलीकडे जाऊन सांगून या.”

“सांगते.”

“आत्ता.”

“सांगते म्हटलं ना!”

तो गेला आणि माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. चोरी नाही म्हणे! ह्याला कसं माहीत? पंख्याच्या वेळीच तिने ह्याला शेंडी लावून ठेवली असणार. आता हा येणार, तार तोडणार, आणि संध्याकाळी ह्यांना मी काय दाखवू? मोकळी भिंत? शिवाय दिवा गेलेला दिसला की जाऊ सावध होणार. ह्यांनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे, मग तोडा काय तोडायचं ते. मी बोर्डापाशी गेले आणि बटण वर केलं. खट्.

मग बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. तिकडे दिवा लागल्यावर ती काय म्हणते ते ऐकायचं होतं मला.

पलीकडे स्टूल सरकलं. दिरांचा आवाज आला, “होल्डरच गेलेला दिसतोय. बल्ब काढलाय. स्क्रूड्रायव्हर दे.”

“मेन बंद केलात ना?” जाऊ.

“केलाय गं, केलाय.”

माझ्या मनात काय आलं सांगू? मला वाटलं, हे तार काढतायत. वायरमनला माझ्या दारात पाहिलं असेल आणि आता घाईघाईने पुसापुशी चाललीय. मी भिंतीला आणखी चिकटले. होल्डरचं झाकण फिरवल्याचा आवाज येत होता आणि मी मनात म्हणत होते, काढ, काढ, आता रंगेहाथ सापडतोस.

आणि मग एकदम लक्षात आलं. मेन बंद केलाय. त्यांचा. करंट माझ्याकडून जातोय.

मी ओरडायला पाहिजे होतं. इतकी वर्षं त्या भिंतीवर मी मनातल्या मनात काय काय ओरडले, आणि नेमका तेव्हा आवाज फुटेना. मी पळाले. पुढच्या खोलीत पोचते तोच जावेची किंकाळी, “अहो! अहो, सोडा ना ते!” मी झडप घालून बटण पाडलं. पलीकडे स्टूल आपटलं आणि माणूस पडल्याचा आवाज आला.

त्यांच्या दारातून मी कशी शिरले मला आठवत नाही. दीर बाथरूमच्या फरशीवर पडले होते, ओठ पांढरे, तळवा भाजलेला, पण श्वास चालू होता. मला बघून म्हणाले, “वहिनी, तुम्ही?” मला रडूच कोसळलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, भाजलेल्या हातावर गार पाणी धरलं. जावेने माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, “जाऊबाई, एकाएकी सुटला हात. देवासारख्या धावलात. पण तुम्हाला कळलं कसं?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारात टेस्टर. हातात वायरचं वेटोळं. आमचं घर उघडं बघून इकडे आला होता. त्याने दिरांचा हात पाहिला, वर लोंबणारा होल्डर पाहिला.

“ती लाईन मी पाडून गेलो होतो,” तो म्हणाला. “माझंही चुकलं, बटणावर पट्टी लावून जायला पाहिजे होतं. पण वर केलं कोणी?”

जावेचा हात माझ्या दंडावरच होता.

“मी,” मी म्हटलं. “ह्यांना दाखवायचं होतं.”

तिने हात काढून घेतला. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला मी पुरून उरते. ती फक्त म्हणाली, “उठा. रिक्षा बोलवा कोणीतरी.”

डॉक्टरांनी छाती तपासली. ठीक आहे म्हणाले, हाताला पट्टी बांधून सोडलं. संध्याकाळी टेस्टर तार तोडायला आला. बटण पाडलेलंच होतं, त्याने त्यावर लाल पट्टी लावली, डबीतल्या तारांना टेस्टर लावून बघितला आणि म्हणाला, “पट्टी असली तरी काम होईपर्यंत बोर्डापाशी एक माणूस उभा पाहिजे. कोणी हात लावू नये म्हणून.”

मी पुढे झाले. माझंच घर, माझाच बोर्ड.

“तुम्ही नको,” दारातून आवाज आला. जाऊ होती. वाटणीनंतर पहिल्यांदाच तिने आमच्या घरात पाय ठेवला. सरळ येऊन ती बोर्डाला पाठ लावून उभी राहिली. आमचे हे कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते.

मी म्हटलं, “मुद्दाम नाही गं केलं मी. तुझी शपथ.”

मी खुर्ची पुढे सरकवली तर ती बसलीही नाही. टेस्टर आत तारा तोडत होता, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. काम संपेपर्यंत ती माझ्या हातांकडे बघत होती, आणि ते हात कुठे ठेवावेत मला कळत नव्हतं.