झाकणावरचा तांब्या

मी वॉशिंग मशीन बोलतेय. अकरा वर्षं मी नुसती घरघर केली, काम झालं की पिक्‌पिक्‌ केलं आणि अधूनमधून उत्तमच्या लाथा खाल्ल्या. उद्या सकाळी जवळच्या हाटकेश भागातला भंगारवाला मला न्यायला येणार आहे. म्हणून आज तोंड उघडतेय. माझं बोलणं गोड लागणार नाही, आधीच सांगून ठेवते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला तिथे एक पट्टी चिकटवली होती, 'साडेसहा किलो' अशी. त्याहून जास्त कपडे कोंबू नका, एवढाच तिचा अर्थ. अकरा वर्षांत ती पट्टी या घरात एकाच बाईने वाचली, तीही अक्षराला अक्षर लावत.

तिचं नाव शेवंती. मूळची रत्नागिरीकडची. नवरा गेल्यावर परळची खोली विकून तिने मीरा रोडला पूनम सागरमध्ये चौथ्या मजल्यावर हे घर घेतलं आणि थोरल्या मुलाच्या, उत्तमच्या, नावावर केलं. उत्तम अंधेरीला नोकरीला जातो. घरात त्याची बायको ममता आणि कॉलेजात जाणारी मुलगी पिंकी. धाकटा जितेश भाईंदर पूर्वेला राहतो.

मी आले ती गणपतीच्या चार दिवस आधी. शेवंतीने माझ्या अंगावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ वाढवला, आणि मग दुसऱ्या दिवशीपासून माझ्यावर संशय घेतला. शर्टाच्या कॉलरी ब्रशने घासल्याशिवाय ती माझ्यात टाकायची नाही.

"कॉलरीतलं तुला काय कळणार, बाय," ती मला म्हणायची. तिच्याकडे बाईमाणसाला प्रेमाने बाय म्हणतात.

मला राग यायचा. पण धुणं झालं की कोरड्या फडक्याने माझं अंग पुसणारी तीच, जाळीतला गाळ काढणारी तीच, वारा लागावा म्हणून झाकण उघडं ठेवणारीही तीच. बाकीच्यांचं काय सांगू? ममता पावडर ओतायची ती मापाशिवाय. पिंकीच्या जीन्समधून पिना, सुटे पैसे, एकदा तर अख्खी लिपस्टिक माझ्या पोटात गेली. दर रविवारी जितेश स्कूटरवर दोन पिशव्या घेऊन हजर. "आमच्याकडे पाण्याची बोंब आहे वहिनी," असं म्हणून तो त्या माझ्यासमोर ठेवायचा आणि पोहे खायला बसायचा. पाणी इथे तरी कुठलं चांगलं? मला बोअरचं खारट पाणी. आतून मी पांढरी फटक पडत चालले होते.

तरी नऊ वर्षं मी एकदाही बंद पडले नाही. याचा मला माज होता. तो पुढे महागात पडला, मला नव्हे, दुसऱ्याच कुणाला.

दोन वर्षांपूर्वी शेवंती बाथरूममध्ये घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. तिची कॉट हॉलच्या कडेला टाकली, माझ्यापासून दोन पावलांवर, कारण मी हॉलला लागून पॅसेजमध्ये उभी आहे. सकाळी तासभर सरूबाई यायची, तिचं अंग पुसायची, अंथरूण बदलायची. पुढचे तेवीस तास शेवंती, कॉट आणि मी.

अंथरूण भिजायचं. दिवसाला चार चादरी, कधी पाच. त्यात तिची गोधडी. स्वतःच्या जुन्या लुगड्यांची आणि नवऱ्याच्या धोतरांची तिने हाताने शिवलेली, सात थरांची. तिच्यावर झोपल्याशिवाय शेवंतीला झोप यायची नाही. ती गोधडी भिजली की तिचं वजन पंधरा किलोच्या घरात जायचं, आणि ममता ती रोज माझ्यात कोंबायची, वर गुडघ्याने दाबून. कोकणातल्या बायका गोधड्या नदीवर दगडावर धुतात, दोघी मिळून पिळतात. मशीनमध्ये घालायची बुद्धी इथे आल्यावर सुचते. मी पॅसेजभर उड्या मारायचे.

मला तपासायला शिवा मेकॅनिक यायचा. त्याने मला उलटी केली, खालून बॅटरी मारली आणि ममताला म्हणाला, "भाभी, ये गोधडी मत डालो. बेअरिंग जाएगा, फिर कुछ नहीं बचेगा."

"तो क्या करू? हाथ से धोऊ?" ममता म्हणाली.

त्या रविवारी दोघे भाऊ पोहे खात बसले होते. जितेश म्हणाला, "दादा, वसईच्या पुढे एक वृद्धाश्रम आहे. आमच्या ऑफिसातल्याची आई तिथेच आहे."

"लोक काय म्हणतील?" उत्तम म्हणाला.

"मग डायपर आण. दिवसाला किती लागतील माहितेय?"

उत्तमने बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "मशीन चालतेय तोवर चालू दे. ही एकदा बंद पडली ना, मग नाइलाज आहे. आश्रमाला फोन करू."

हे सगळं शेवंतीच्या कॉटपासून सहा फुटांवर. तिचं हाड मोडलं होतं, कान शाबूत होते.

सगळे उठून गेल्यावर तिने मान माझ्याकडे वळवली. "बाय, बंद पडू नको गो," ती म्हणाली. "मला माझ्या घरात मरू दे."

मी मनाशी ठरवलं, बेअरिंग तुटलं तरी फिरत राहायचं.

दुसऱ्या दिवशी तिने सरूबाईला गोधडी काढायला लावली. "मशीनला जड होते ती," म्हणाली. गोधडी माळ्यावर गेली. माझा भार हलका झाला. मग चादरी कमी व्हायला लागल्या. चाराच्या तीन झाल्या, तिनाच्या दोन, मग एक. मी खूश. म्हातारीला आराम पडतोय, असं मला वाटलं. आता माझी अक्कल किती ते बघा.

ती पाणी प्यायची बंद झाली होती.

"आजी, घोटभर घ्या की," सरूबाई सकाळी म्हणायची. "जीभ सुकलीय तुमची."

"नको गो. प्यायलं की भिजतं सगळं."

सरूबाईने ममताला गाठलं. "ताई, आजी पानी घेत न्हाय. दोन दिस झाले."

ममता माझ्यात कपडे टाकत होती. हातातली एकच चादर तिने पाहिली, आणि तिला सगळं कळलं. मी तिच्या इतकी जवळ होते की मला दिसलं.

"नको म्हणतात तर जबरदस्ती कशी करायची?" ती म्हणाली. मग तिने कॉटजवळच्या स्टुलावरचा पाण्याचा तांब्या उचलला. "उगाच सांडतो आणि गादी भिजते." आणि तो तिने माझ्या झाकणावर ठेवला. कॉटपासून दोन पावलं. दोन पावलं म्हणजे तिच्यासाठी रत्नागिरी.

पुढचे पाच दिवस तांब्या तिथेच होता. कपडे टाकताना ममता तो खाली ठेवायची, झाकण लावलं की पुन्हा वर. सरूबाई सकाळी चमच्याने दोन थेंब ओठांना लावायची, तिला पुढची तीन घरं असायची. उत्तम ऑफिसातून आला की "आई, बरं आहे ना?" असं विचारून आत जायचा.

पाचव्या दिवशी दुपारी शेवंतीचा निर्धार सुटला. "ममता," तिने हाक मारली. "ममता, पाणी." आवाज कागद चुरगळल्यासारखा. ममता आत मोबाइलवर बहिणीशी बोलत होती. मी त्या वेळी कपडे पिळत होते. शेवंतीने हात लांब केला, तांब्याकडे. बोटं हवेत हलली.

मी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम धडधडले. होती नव्हती ती ताकद लावून उडाले. तांब्या थरथरला, कडेला आला, खाली आदळला. पाणी कॉटच्या पायापर्यंत गेलं. आवाज ऐकून ममता बाहेर आली.

तिने फरशी पुसली. तांब्या पुन्हा भरला. माझ्या एका पायाखाली फडक्याची घडी सारली, आणि तांब्या परत माझ्या झाकणावर ठेवला.

"फार हलायला लागलीय ही," ती म्हणाली. शेवंती तिच्याकडे बघत होती. पाणी पुन्हा मागितलं नाही तिने.

सकाळी सरूबाई आली तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. जितेश धावत आला, रडला, खरंच रडला. मग कुणीतरी म्हणालं, तोंडात पाणी घाला. उत्तमने माझ्या झाकणावरचा तांब्या घेतला, तुळशीचं पान टाकलं, आणि घरातल्या प्रत्येकाने तिच्या तोंडात एकेक चमचा पाणी घातलं. ते गालावरून ओघळून उशीत गेलं. ममताने दोन चमचे घातले. सरूबाईला बोलावलं, पण ती दाराशीच उभी राहिली.

तेराव्यापर्यंत पाहुण्यांचे कपडे मी धुतले. उत्तम सगळ्यांना सांगत होता, "आईच्या आजारपणात एवढी राबली, पण एकदाही बंद पडली नाही." लोक माझ्या पाठीवर थाप मारून जात होते. माळ्यावरची गोधडी वॉचमनच्या हाती कचऱ्याच्या गाडीत गेली.

गेल्या सोमवारी पिंकीचे दोन टी-शर्ट धुताना माझं बेअरिंग गेलं. कुणी ओरडलं नाही. मंगळवारी दुपारी नवी मशीन आली, आठ किलोची. चोवीस तासही लागले नाहीत. जुनी बंद पडली की नवी आणता येते, हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त शेवंतीला आणि मला.

मी बंद पडायला हवं होतं. पहिल्याच गोधडीला. तिला आश्रमात नेलं असतं, ती रडली असती, पण तिथल्या कुणीतरी तिला पाणी दिलं असतं.

आता मी जिन्याखाली उभी आहे. मला कुणी पुसलं नाही, झाकण उघडं ठेवलं नाही. चालायचंच. तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर एवढंच करा, पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी ठेवा. चादरींचं बघायला आम्ही आहोत.