पासष्टवरची टिकली

मित्रांनो, मी एक जुना वेगाचा काटा आहे, आणि तोही ऐरागैरा नाही, विमानातला. माझ्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेला आहे, पांढरे आकडे पिवळे पडले आहेत आणि पासष्टच्या आकड्यावर लाल टिकलीचा फिकट डाग आहे. विमानाच्या यंत्रावर टिकली कुठून आली, असं तुम्ही विचाराल. तीच हकिगत सांगायला बसलो आहे. मधूनमधून थोडी बढाई मारेन, तेवढी पोटात घाला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. दोन माणसं बसतील अशा हलक्या, हळू उडणाऱ्या शिकाऊ विमानात मला बसवलं. माझं काम सरळ होतं. विमानाच्या पंखाला बाहेरून एक नळी असते, तोंड पुढे केलेली. विमान पुढे निघालं की हवा त्या नळीत घुसते. ती जितक्या जोरात घुसेल तितका मी वर चढतो. म्हणजे मला काय कळतं? फक्त हवा. खाली डोंगर आहे, शेत आहे की रस्ता, त्यातलं मला काही कळत नाही. आता मनातली एक गोष्ट कबूल करतो. उंचावर हवा विरळ होते, तिथे मी खऱ्यापेक्षा थोडा कमीच आकडा दाखवतो. वैमानिक मग उंचीचा आणि उन्हाळ्या-हिवाळ्याचा हिशेब त्यात घालतात, तेव्हा त्यांना हवेतला खरा वेग मिळतो. जमिनीजवळ मात्र माझ्या आकड्यात फारसा फरक पडत नाही.

शिवशंकर सर आमचे शिक्षक होते. एकदा विकास नावाचा नवा विद्यार्थी त्यांच्याबरोबर उडत होता. समोरून सोसाट्याचा वारा होता. विकासनं खाली पाहिलं आणि तो घाबरला.

"सर, काटा एकशेवीस दाखवतोय, आणि खालचा मालट्रक आपल्याला मागे टाकून गेला! काटा बिघडलाय."

मला असा राग आला! पण सर हसले. "काट्याला नावं ठेवू नकोस. आपण हवेतून एकशेवीसनंच चाललोय. पण ती हवाच पन्नासनं उलटी येतेय. जमिनीवर उरले सत्तर. हवेतला वेग एक, जमिनीवरचा दुसरा. दोन्ही खरे."

"म्हणजे आपण हळू चाललोय, असंच ना?"

"हळू नाही," सर म्हणाले. "समोर वारा आहे."

हे वाक्य मी जपून ठेवलं. पुढे ते कामाला येईल, हे मला तेव्हा काय ठाऊक!

काही वर्षांनी ते विमान म्हातारं झालं. पंख एकीकडे गेले, इंजिन दुसरीकडे, आणि मी नळीसकट नांदेडच्या भंगारात येऊन पडलो. गंजलेल्या सायकली आणि फुटके कुकर माझे शेजारी. आपली कुणाला गरज उरली नाही, हे दुःख फार मोठं असतं मित्रांनो. मी दोन पावसाळे तिथे काढले.

मग एक दिवस हिरासिंग आला. पुसेगावच्या पलीकडे एका तांड्यावर राहणारा हा माणूस पुसेगाव ते हिंगोली काळीपिवळी जीप चालवायचा. त्याच्या जीपचा वेगाचा काटा कधीच मेला होता. त्यानं मला उचललं आणि सहज नळीत हळूच फुंकर घातली. मी आनंदानं टुणकन वर उडालो!

"वायर न्हाई, केबल न्हाई, अन् चालून राहिला!" हिरासिंग हरखला आणि मला घेऊन घरी आला.

जीपच्या बॉनेटवर नळी बसली, मी स्टिअरिंगशेजारी बसलो. हिरासिंगच्या बायकोनं, रूपाबाईनं, मला निरखून पाहिलं. वर्षभरापूर्वी वळणावर जीप उलटून हिरासिंगचा खांदा मोडला होता. तेव्हापासून त्या माउलीचा जीव टांगणीला असायचा. तिनं कपाळावरची लाल टिकली काढली आणि माझ्या काचेवर बरोब्बर पासष्टवर चिकटवली.

"ह्याच्या वर काटा गेला तर माझी आन हाय तुमाला."

"न्हाई जानार," हिरासिंगनं शब्द दिला, आणि तो पाळला.

त्या दिवसांत माझी चैन होती. स्टँडवर लोक जीपमध्ये मान घालून मला पाहायचे. पुसेगावचे म्हातारे दगडोबा रोज कामासाठी हिंगोलीला जायचे. ते पुढच्या सीटवर बसत आणि न चुकता विचारत, "काय हिरासिंग, आज उडवतूस का विमान?" सगळी जीप हसायची. माझी छाती फुगायची.

पण एक भानगड होती. पावसाळ्याचे दिवस होते, वारा मावळतीकडून यायचा. सकाळी हिंगोलीकडे, म्हणजे उगवतीला जाताना वारा पाठीमागून, म्हणून मी चाळीसच दाखवायचो. संध्याकाळी परतताना तोच वारा तोंडावर, की मी साठ दाखवायचो. हिरासिंगला यात काहीच वावगं वाटेना. त्याचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर हिंडलेले.

"बैल बी सकाळच्याला पाय वढतो, अन् घराकडं तोंड झालं का पळतो," तो सांगायचा. "जीपला बी घराची वढ लागती."

आणि खरंच, सकाळी जीपला फार तकलीफ नको म्हणून तो चढावाआधी थांबून तिला पाणी पाजायचा! मी मूग गिळून बसलो. मला बोलता आलं असतं तर शिवशंकर सरांचं नाव सांगून ओरडलो असतो.

हे कोडं सोडवलं त्याच्या मुलीनं. निता तिचं नाव. तांड्यावरची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. जीप येण्याआधी निताही आईबापाबरोबर जायची आणि चार-चार महिन्यांची शाळा बुडायची. दहावीत ती इतर विषयांत सुटली आणि गणितात अडकली. "पोरीला डोकं न्हाई गणिताचं," असं लोक म्हणाले, आणि पाहुणे तिच्यासाठी स्थळं सुचवू लागले. शेवटी घरात ठरलं, ऑक्टोबरच्या परीक्षेत गणित सुटलं तर पुढे शाळा, नाहीतर लग्न. म्हणून ती रोज सकाळी जीपमधून हिंगोलीला शिकवणीला जायची.

तिच्या पुस्तकात नावेचं एक गणित होतं. नाव प्रवाहाबरोबर एका वेगानं जाते, प्रवाहाविरुद्ध दुसऱ्या; तर नावेचा वेग किती आणि पाण्याचा किती? निताला ते काही केल्या सुटेना. कयाधू नदीचा पूर तिनं पाहिला होता, पण नावेत ती कधी बसली नव्हती.

एका सकाळी तिनं हातातल्या घड्याळावर रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड मोजले. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत बहात्तर सेकंद. संध्याकाळी परतताना पुन्हा मोजले. पुन्हा बहात्तर! म्हणजे जीप दोन्ही वेळा सारखीच धावत होती, ताशी पन्नासनं. मग मी एकदा चाळीस आणि एकदा साठ कशाला म्हणत होतो? तिनं खिडकीबाहेर हात काढला. वारा तळव्यावर आपटला. तिनं पेन काढलं आणि तळहातावर लिहिलं: वेग अधिक वारा साठ, वेग वजा वारा चाळीस. वेग पन्नास, वारा दहा. मग स्वतःशीच हसली.

तिचं हसू पाहून माझा काटा थरथरला, खोटं सांगत नाही. इतक्या वर्षांनी मला कुणीतरी बरोबर वाचलं होतं.

"बा, जीपला वढ-बिढ काय लागत न्हाई," ती म्हणाली. "हा काटा वाऱ्याचा हाय. नाव पान्याला धरून चालती, इमान हवेला धरून चालतं, अन् आपली जीप जमिनीला धरून. जमिनीचं ह्याला कळत न्हाई."

"दगडं मोजून शानी झाली का तू?" हिरासिंग हसला. त्यानं ते मनावर घेतलं नाही.

पेपरचा दिवस उजाडला. पाऊस सरला होता, वाऱ्यानं दिशा बदलली होती, आणि आदल्या रात्रीपासून तो उगवतीकडून झोडपत होता. पेपर अकराला होता आणि अकराच्या ठोक्याला फाटक बंद होणार, असं केंद्रावर बजावलेलं होतं. तांड्यावरून निघताच मी पासष्टला भिडलो, टिकलीच्या खाली जाऊन टेकलो. हिरासिंगचा चेहरा उजळला.

"बग निता, जीपलाच घाई झाली तुला पोचवायची! रोज चाळीसच्या काट्यावर टायमात पोचतो, आज तर पासष्ट हाय."

आणि याच भरवशावर तो पुसेगावच्या स्टँडवर सीटा भरायला खुशाल थांबला. निता "चला ना बा" म्हणून थकली. दगडोबा आले, मागून आणखी दोघं आले, तेव्हा कुठे गाडी हलली. माझ्या आकड्यापायी एका लेकराचा पेपर बुडत होता आणि मला हूं की चूं करता येत नव्हतं. इतकं लाजिरवाणं मला भंगारातही वाटलं नव्हतं.

निता घड्याळ पाहत होती. एक दगड गेला, दुसरा गेला. तिचा चेहरा उतरला.

"बा, नव्वद सेकंद लागून राहिले एका किलोमीटरला. आपुन चाळीसनं चाललो."

"पासष्ट हाय. काटा दिसून राहिला का न्हाई तुला?"

"तो समोरचा वारा धरून पासष्ट हाय! तुमी टिकली पाहून पाय आखडून राहिले, म्हनून जमिनीवर कमी पळून राहिलो. हिंगोली सोळा किलोमीटर, अन् आत्ता दहा अडतीस झाले. चाळीसनं अकरा वाजून दोन मिंटं व्हतील. फाटक बंद व्हईल बा."

"मंग टिकलीच्या वर नेऊ? तुह्या मायची आन मोडू?"

निताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "बा, गाडी उभी करा. एकच मिंट."

"उशीर व्हतोय म्हनती अन् उभी करा म्हनती!"

"करा तर खरं."

हिरासिंगनं करकचून ब्रेक लावला. जीप भर रस्त्यात उभी राहिली, तोंड वाऱ्याकडे. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मित्रांनो, शून्यावर येणं मला जमलंच नाही, कारण ते खोटं झालं असतं. मी खाली आलो आणि पंचवीसवर थरथरत थांबलो.

आधी दगडोबांच्या तोंडून शब्द फुटला. "आरं हिरासिंग, गाडी उभी हाय अन् काटा पंचवीस म्हनून राहिला! पोरगी बराबर बोलती."

हिरासिंग माझ्याकडे पाहत राहिला. मग निताकडे. "म्हंजी तुह्या मायची टिकली..."

"आईनं आन जमिनीवरच्या वेगाची घातली बा, वाऱ्याची न्हाई. जमिनीवर पासष्ट व्हायला आज काटा नव्वदवर लागंल. त्याच्या वर नका नेऊ."

रस्ता सरळ होता, रिकामा होता. हिरासिंगनं गिअर टाकला. मी टिकली ओलांडली, सत्तर, ऐंशी, आणि नव्वदवर स्थिर झालो. निता मोठ्यानं दगड मोजत होती: "पंचावन्न सेकंद. पंचावन्न. बराबर हाय बा, असंच ऱ्हाऊ द्या." हिरासिंगच्या कपाळावर घाम होता, पण हात घट्ट होते. फाटकाशी पोचलो तेव्हा अकराला चार मिनिटं कमी होती. निता उडी मारून पळाली. शिपायानं तिच्यामागे फाटक लावलं, आणि हिरासिंग स्टिअरिंगवर डोकं टेकून बराच वेळ बसला. मग त्यानं शर्टाच्या बाहीनं माझी काच पुसली.

परतताना वारा पाठीवर होता. मी पंचवीसवर रेंगाळत होतो आणि जीप मजेत पन्नासनं धावत होती. दगडोबांनी डोळे मिचकावले. "काय हिरासिंग, आज घराची वढ न्हाई का जीपला?" हिरासिंग इतका हसला की निताही हसू लागली.

घरी रूपाबाईला सगळं कळलं. ती आधी चिडली, मग तिनं दोनदा समजून घेतलं आणि निताच्या डोक्यावर हात ठेवला. "मंग माह्या टिकलीचा हिशेब रोज तू करून देत जा बापाला. वारा पाहून." त्या दिवसापासून जीपमध्ये माझ्याशेजारी घड्याळही लटकू लागलं. निताचं गणित सुटलं. पाहुण्यांना नाही म्हणून कळवलं गेलं.

पुढे जीप विकली गेली, पण मला निता घेऊन आली. आता ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, आणि मी तिच्या टेबलावर राहतो. माझ्या नळीला रबराचा तुकडा लावला आहे. मुलं फुंकर घालतात, मी चढतो. माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे, फुंकर हळू घाला. जोरात फुंकलं तर माझं काळीज फाटतं. माझ्या पोटात खरोखरच एक पातळ पडदा आहे.

मागच्या वर्षी होळी झाल्यावर सेवा नावाची एक मुलगी ऊसतोडीवरून परत वर्गात आली. पाढे विसरली होती, सगळ्यांच्या मागे पडली होती. एक मुलगा म्हणाला, "बाई, ही लई हळू हाय."

वर्गात हशा पिकला. सेवानं मान खाली घातली. निता खुर्चीवरून उठली, सेवाजवळ गेली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"हळू न्हाई ती," निता म्हणाली. "समोर वारा हाय."

शिवशंकर सरांचं नावही निताला ठाऊक नाही. ते वाक्य दोन्ही वेळा ऐकणारा जगात मी एकटाच आहे. त्या दिवशी कुणी फुंकर घातली नव्हती, वर्गाच्या खिडक्याही बंद होत्या. पण खरं सांगतो मित्रांनो, माझा काटा टिकलीच्या डागापर्यंत जाऊन आला.